विहिरीतले फ्लोराइड आणि मुलांचे दात

चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या बाजारात टूथपेस्ट घ्यायला गेले, तर नळीवर ‘फ्लोराइडयुक्त’ हा शब्द गुण म्हणून ठळक छापलेला असतो. त्याच तालुक्यातल्या एखाद्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला आणि त्यात फ्लोराइडचा आकडा लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर निघाला, तर ते पाणी पिण्यास अयोग्य ठरते. एका ठिकाणी ज्याचे पैसे मोजायचे, तेच दुसऱ्या ठिकाणी दोष कसे काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. मोबाइलवर फिरणारे संदेश या गोंधळात भरच घालतात. एक सांगतो की परदेशात सरकार नळाच्या पाण्यात विष कालवते. दुसरा सांगतो की प्रगत देशांप्रमाणे आपल्याकडेही पाण्यात फ्लोराइड घातले पाहिजे. खानदेशातल्या कुटुंबाला या दोन्हींचा उपयोग नाही, कारण भारतात कोणतेही शहर पिण्याच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळत नाही. आपल्या पाण्यात जे असते ते जमिनीतून आलेले असते, आणि ते किती आहे हे बहुतेक घरांनी कधी विचारलेलेच नसते.

आधी मापाचे बोलू. पाण्यातले फ्लोराइड प्रति लिटर मिलिग्रॅममध्ये मोजतात. लिटरमागे १ मिलिग्रॅम याचा अर्थ गच्चीवरच्या हजार लिटरच्या भरलेल्या टाकीत मिळून १ ग्रॅम फ्लोराइड. इतक्या अल्प प्रमाणाला चव नाही, वास नाही, रंग नाही. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार (आयएस १०५००) स्वीकारार्ह मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ मिलिग्रॅम आहे. आपल्या मानकात दोन आकडे का आहेत, याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पहिला आकडा हवा असलेल्या पाण्याचा आहे, दुसरा नाइलाजाचा. आणि गावपातळीवर नाइलाजाचा आकडाच नियम समजला जातो.

दातावर नेमके काय घडते

दाताचा बाहेरचा पांढरा थर, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. तो कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या सूक्ष्म स्फटिकांनी बनलेला असतो; त्या स्फटिकांना हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट म्हणतात. तोंडात राहणारे काही जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. दाताजवळचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की हे स्फटिक विरघळू लागतात. खाणे थांबल्यावर लाळ हळूहळू आम्ल निवळते आणि तिच्यातले कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा इनॅमलमध्ये बसते. हे झिजणे आणि भरून येणे दिवसभर चालू असते. झिजणे जास्त आणि भरणे कमी असा क्रम महिनोन्‌महिने चालला की खड्डा पडतो, आणि आपण म्हणतो दात किडला. म्हणूनच दिवसातून एकदा जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा तासन्‌तास चघळत बसणे दाताला अधिक महागात पडते. साखरेऐवजी गूळ खाल्ला म्हणून जिवाणू दया दाखवत नाहीत.

फ्लोराइड या व्यवहारात भरून येण्याच्या बाजूला मदत करते. लाळेत आणि दाताच्या पृष्ठभागावर ते अगदी थोडे असले, तरी विरघळलेली खनिजे परत बसण्याचा वेग वाढतो, आणि नव्याने बसणाऱ्या स्फटिकात फ्लोराइड सामावल्याने तो आम्लाला जास्त टिकतो. साधा स्फटिक ५.५ च्या आसपास विरघळू लागत असेल, तर फ्लोराइड असलेला ४.५ च्या आसपासपर्यंत तग धरतो. पूर्वी अशी समजूत होती की पोटात गेलेले फ्लोराइड दाताला आतून घडवते आणि तेच खरे संरक्षण. नंतरच्या संशोधनाने हे चित्र बदलले. दातांचे बहुतांश रक्षण फ्लोराइड बाहेरून, म्हणजे इनॅमलच्या पृष्ठभागाला लागून, करते. त्यासाठी ते गिळण्याची गरज नाही. दातांना अपाय मात्र गिळलेल्या फ्लोराइडनेच होतो, आणि तोही मुख्यतः दात हिरडीतून बाहेर येण्याआधी.

डाग आधी सापडले, कारण मागाहून

फ्लोराइडचा दातांशी असलेला संबंध अपायाच्या बाजूने कळला, उपयोगाच्या बाजूने नव्हे. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात दवाखाना थाटायला आला, तेव्हा तिथे वाढलेल्या कित्येक माणसांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. बाहेरून मोठेपणी आलेल्यांना ते नव्हते. त्या काळचे नामांकित दंतशास्त्रज्ञ जी. व्ही. ब्लॅक यांनी १९०९ पासून या शोधात त्याला साथ दिली. हे डाग दात घडत असतानाच पडतात आणि डागाळलेले दात किडीला मात्र चांगले तोंड देतात, या दोन गोष्टी त्यांच्या कामातून पुढे आल्या.

१९२३ मध्ये मॅके आयडाहो राज्यातल्या ओकली या छोट्या गावी गेला. तिथल्या पालकांचे म्हणणे होते की पाच मैलांवरच्या कोमट पाण्याच्या झऱ्यावरून गावासाठी नळयोजना आली आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले. मॅकेला पाण्यात काही सापडले नाही, तरी त्याने ती योजना सोडून दुसरा झरा वापरण्याचा सल्ला दिला. गावाने तो मानला, आणि पुढच्या काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले. कारण न समजताही उपाय लागू पडल्याची ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत उपयोगी वाटते, कारण तिच्यात एका गावाने पाण्याचा स्रोत बदलला, बाकी काही केले नाही.

कारण सापडले ते १९३१ मध्ये, आणि तेही काहीसे व्यापारी काळजीतून. अ‍ॅल्युमिनियम बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या बॉक्साइट नावाच्या वसाहतीत मुलांच्या दातांवर असेच डाग होते, आणि दोष अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांवर येईल अशी धास्ती कंपनीला होती. तिचा रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल याने तिथले पाणी बारकाईने तपासले, तेव्हा लिटरमागे १३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. पुढे अमेरिकी सरकारच्या आरोग्यसेवेतले ट्रेंडली डीन यांनी २१ शहरांतल्या १२ ते १४ वर्षांच्या ७,२५७ मुलांचे दात आणि त्यांचे पाणी यांची सांगड घातली. पाण्यात १ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल तर कीड बरीच कमी आणि डाग नगण्य, असे त्यांना दिसले. त्यावरूनच २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने जगात प्रथम नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड सोडले.

भारतातली पहिली नोंद त्याआधीची आहे. १९३७ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात माणसांची हाडे आणि सांधे पाण्यातल्या फ्लोराइडने आखडल्याचे नोंदवले. म्हणजे अमेरिकेत थोडे फ्लोराइड पाण्यात घालावे का याचा विचार सुरू होता, तेव्हा आपल्याकडे जादा फ्लोराइडने माणसे वाकत होती. दोन्ही देशांच्या प्रश्नांतला हा फरक अजून कायम आहे.

डाग कधी पडतात आणि कधी दिसतात

मुलाचे कायमचे दात तोंडात यायला सहा-सात वर्षे लागतात, पण त्यांचे इनॅमल जन्मानंतर लगेच घडू लागते. समोरच्या दातांसाठी पहिली तीन-चार वर्षे महत्त्वाची, आणि अक्कलदाढ सोडली तर सर्व कायमच्या दातांचे इनॅमल साधारण आठव्या वर्षापर्यंत पूर्ण होते. या काळात रक्तात फ्लोराइड सतत जास्त राहिले, तर इनॅमल घडवणाऱ्या पेशींचे काम बिघडते आणि तो थर नीट घट्ट न होता सच्छिद्र राहतो. सौम्य प्रकारात खडूसारख्या पांढऱ्या रेघा किंवा ठिपके दिसतात. तीव्र प्रकारात पृष्ठभागावर खळगे पडतात आणि अन्नपाण्यातला रंग मुरून पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. यालाच दंत फ्लोरोसिस म्हणतात. आठ वर्षांनंतर कितीही फ्लोराइडचे पाणी प्यायले तरी हे डाग नव्याने पडत नाहीत. लहानपणी पडलेले मात्र ब्रशने जात नाहीत.

म्हणजे चौथीतल्या मुलाच्या दातांवर आज दिसणारा पट्टा ही त्याच्या पाळण्यातल्या आणि अंगणवाडीतल्या वर्षांत घरी कोणते पाणी होते याची नोंदवही आहे. त्यानंतर गावाला धरणाची योजना आली असेल आणि आताचे पाणी उत्तम असेल, तरी पट्टा राहतो. आणि याच्या उलट, आज डाग नाहीत म्हणून गेल्या वर्षी खोल केलेल्या बोअरचे पाणी निर्दोष ठरत नाही. शाळेतल्या आरोग्य तपासणीत हा हिशेब मांडला पाहिजे. प्रत्यक्षात बऱ्याचदा मुलाला ‘नीट दात घासत जा’ एवढे ऐकवून पुढे पाठवले जाते, आणि जे त्याच्या हातात कधीच नव्हते त्याचा ठपका त्याच्यावर येतो.

डाग फ्लोरोसिसचे की दुसरे कशाचे, हे घरीही बऱ्यापैकी ओळखता येते. फ्लोरोसिसचे डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे असतात, आडव्या पट्ट्यांचे असतात आणि एकाच पाण्यावर वाढलेल्या भावंडांत व शेजारच्या मुलांतही दिसतात. कीड एखाद्या दाताला, बहुधा दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत लागते आणि मऊ, काळपट असते. मिश्रीचा किंवा तंबाखूचा काळा थर हिरडीलगत साचतो आणि दंतवैद्य तो खरवडून काढू शकतो. फ्लोरोसिसचा डाग दाताच्या घडणीतच असल्याने खरवडून निघत नाही. एकाच मुलाला फ्लोरोसिस आणि कीड दोन्ही असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. खळगे पडलेल्या दातात अन्न अडकते आणि कीड तिथे घर करते.

दातांपुरतेच हे थांबले असते तर ती दिसण्याची अडचण म्हणून सोडता आली असती. शरीरात राहिलेल्या फ्लोराइडपैकी सुमारे ९९ टक्के हाडांत आणि दातांत साठते. पाण्यात ३ ते ६ मिलिग्रॅमच्या पातळीवर, वर्षानुवर्षे, हाडांवरचे परिणाम दिसू शकतात. १० मिलिग्रॅमच्या पुढे माणूस अपंग होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. मान आणि कंबर न वळणे, सांधे धरणे ही त्याची ओळख. लहान वयात आहारात कॅल्शियम कमी असेल तर हा त्रास अधिक होतो, आणि म्हणून ताक-दूध, तीळ, सातपुड्यातली नागली, शेवग्याचा पाला यांना इथे औषधाइतके नाही, पण खरोखरीचे स्थान आहे.

खानदेशातले पाणी कोठून येते

महाराष्ट्रात फ्लोराइडसाठी यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांची नावे आधी घेतली जातात, कारण तिथल्या काही भागांत ग्रॅनाइटसारखे जुने खडक किंवा जुने गाळखडक जमिनीखाली आहेत. खानदेशाचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा, आणि सातपुडा व अजिंठा-सातमाळा यांच्या मधल्या तापीच्या खोऱ्यात त्या खडकावर काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा गाळ. बेसाल्टमध्ये फ्लोराइड तुलनेने कमी, त्यामुळे ‘आपल्याकडे हा प्रश्नच नाही’ असे म्हणणारे भेटतात. सरसकट तसे म्हणता येत नाही. पाण्यात किती फ्लोराइड उतरेल हे खडकाइतकेच, पाणी जमिनीत किती काळ मुरले आणि त्याचे रसायन कसे आहे यावर ठरते.

पाण्यात विरघळलेले कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडशी बांधले जाऊन त्याचा काही भाग खाली बसतो. उलट कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असे मऊ, अल्कधर्मी पाणी फ्लोराइडला विरघळलेले ठेवते. याचा व्यवहारातला अर्थ थोडा चमत्कारिक आहे. ज्या ‘जड’ पाण्याने डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर धरतो, त्यात फ्लोराइड कमी असू शकते. आणि खोल बोअरचे, पिताना गोड लागणारे, डाळ पटकन शिजवणारे पाणी फ्लोराइडच्या दृष्टीने वाईट निघू शकते. भांड्यावरचा पांढरा थर हा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. दातांवरच्या डागांशी त्याचा संबंध नाही. हा गैरसमज मात्र गावोगाव पक्का आहे.

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात पाण्याची पातळी गेल्या काही दशकांत खोल खोल जात राहिली आणि बोअर तिच्या मागे गेले. जितके खोल, तितके सहसा जुने पाणी, आणि खडक-मातीच्या सहवासात जास्त काळ राहिलेले. म्हणून एकाच शिवारातल्या उथळ विहिरीचा आणि शेजारच्या बोअरचा अहवाल वेगळा येऊ शकतो, आणि एका गावचा अहवाल दुसऱ्या गावाला लावता येत नाही. याउलट वाघूर, गिरणा, तापी अशा धरण-नद्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या योजनांत या बाबतीत काळजी कमी असते, कारण पावसाचे वाहते पाणी खडकात फार काळ मुरलेले नसते. त्या पाण्याचे प्रश्न गढूळपणाचे आणि जंतूंचे असतात. सातपुड्याच्या पायथ्याला अडावदजवळ उनपदेवसारखे गरम पाण्याचे झरे आहेत. जगभर गरम झऱ्यांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडण्याकडे कल असतो, आणि ओकलीचा झराही कोमटच होता. तेव्हा अशा झऱ्यावर स्नान करावे, तपासल्याशिवाय घरच्या घागरी त्यावर भरू नयेत.

उन्हाळ्याचा हिशेब

मानकातले आकडे लिटरमागचे आहेत, पण शरीराला लिटर कळत नाही, दिवसभरात पोटात गेलेले मिलिग्रॅम कळतात. अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेने १९९७ मध्ये फ्लोराइडच्या दैनिक सेवनाच्या वरच्या मर्यादा ठरवल्या: एक ते तीन वर्षांच्या मुलाला १.३ मिलिग्रॅम, चार ते आठ वर्षांच्या मुलाला २.२ मिलिग्रॅम, त्यापुढे १० मिलिग्रॅम. आता भुसावळच्या मे महिन्यात सहा वर्षांचे मूल दिवसाला दीड लिटर पाणी सहज पिते. पाण्यात १.५ मिलिग्रॅम, म्हणजे मानकाच्या सवलतीत बसणारे फ्लोराइड असेल, तर २.२५ मिलिग्रॅम पाण्यातूनच झाले. त्याच पाण्यात शिजलेले वरण-भात आणि खिचडी अजून धरलेली नाही. शेतात राबणारा मोठा माणूस उन्हाळ्यात पाच-सहा लिटर पितो; ३ मिलिग्रॅमचे पाणी असेल तर तो पंधरा-अठरा मिलिग्रॅमवर जातो. थंड हवेच्या देशासाठी ठरवलेला आकडा आपल्या उन्हाला तसाच लागू करता येत नाही. अमेरिकेतही हे मान्य होते. तिथे १९६२ ते २०१५ पर्यंत उष्ण प्रदेशासाठी ०.७ आणि थंड प्रदेशासाठी १.२ मिलिग्रॅमपर्यंत अशी तापमानानुसार शिफारस होती, आणि २०१५ पासून सर्वत्र ०.७ ठेवली आहे.

पाण्याखेरीज चहा हाही मोठा स्रोत आहे. चहाचे झाड मातीतले फ्लोराइड पानांत साठवते, त्यामुळे कोऱ्या चहाच्या एका लिटरात १ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड सहज उतरते. पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेल्या घरात लहान मुलाला बशीत चहा देण्याची सवय म्हणूनच सोडलेली बरी. आईच्या दुधात फ्लोराइड अत्यल्प असते, तान्ह्या बाळासाठी ते इथेही सर्वांत सुरक्षित. डब्याची पावडर देण्याची वेळ आलीच, तर ती कोणत्या पाण्यात कालवली जाते हा प्रश्न महत्त्वाचा होतो.

परदेशातला वाद, थोडक्यात

पाण्यात फ्लोराइड घालण्यावर जे वाद चालू आहेत त्यांत दोन्ही बाजूंना काही आधार आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलने २००३ मध्ये पाण्यात फ्लोराइड घालणे थांबवले. त्या देशात ते मिठातून दिले जाते. कॅनडातल्या कॅल्गरीने २०११ मध्ये बंद केले आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू केले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा राज्याने बंदी घातली. जगभरचे संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यानुसार फ्लोराइडची टूथपेस्ट सर्रास झाल्यापासून पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा पूर्वीपेक्षा बराच कमी उरला आहे. त्याच वर्षीच्या अमेरिकी राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाच्या अहवालाने पाण्यात १.५ मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध मध्यम खात्रीने नोंदवला; ०.७ मिलिग्रॅमच्या पाण्याबद्दल त्यातून निष्कर्ष काढता येत नाही, असेही त्यात आहे. ‘फ्लोराइड म्हणजे विष’ असे सांगणारे संदेश हा शेवटचा भाग गाळतात. आपल्या दृष्टीने अधिक चिंतेची गोष्ट अशी की १.५ च्या वरचे पाणी ही अमेरिकेत अपवादाची, आणि आपल्या देशात अनेक जिल्ह्यांची रोजची स्थिती आहे.

मग टूथपेस्ट?

फ्लोराइडची टूथपेस्ट वापरावी, फक्त गिळू नये. दाताच्या पृष्ठभागाला फ्लोराइड मिळवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारतात टूथपेस्टमध्ये दशलक्षात १,००० भागांपर्यंत, म्हणजे ग्रॅममागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइडला परवानगी आहे. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली लाट दाखवतात ती साधारण एक ग्रॅमची असते. ती मुलाने गिळली तर १ मिलिग्रॅमच्या पाण्याचा पूर्ण लिटर प्यायल्यासारखे झाले. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. मोठ्यांनी समोर उभे राहून ती थुंकायला लावावी. घासून झाल्यावर लगेच खळखळून चूळ भरली तर दातावर राहायला हवे ते फ्लोराइडही धुऊन जाते, तेव्हा थुंकून थांबलेले चांगले. ज्या गावात पाण्यात फ्लोराइड खूप जास्त आहे तिथे लहान मुलांसाठी कोणती पेस्ट वापरावी हे दंतवैद्याला अहवाल दाखवून ठरवावे. मिश्री मात्र कोणत्याही पाण्याच्या गावात कोणीही वापरू नये. तिच्यात फ्लोराइडचा गुण नाही आणि तंबाखूचा कर्करोग आहे.

पाणी तपासणे आणि बदलणे

फ्लोराइड उकळून जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि उरलेल्यात त्याचे प्रमाण थोडे वाढते. कापडाने गाळणे, जंतू मारणारा अतिनील दिव्याचा फिल्टर, क्लोरीनच्या गोळ्या यांचाही त्यावर परिणाम नाही. टीडीएस मोजणारे पेन सर्व क्षारांची बेरीज दाखवते, त्यात फ्लोराइड किती हे त्याला सांगता येत नाही. कमी टीडीएसचे पाणीही फ्लोराइडमध्ये सदोष असू शकते. चांगल्या स्थितीतले आरओ यंत्र फ्लोराइडचा बहुतांश भाग काढते, पण पडदा वेळेवर बदलला नाही तर ते नुसते शोभेला उरते, आणि बरेच पाणी वायाही घालवते. गावातल्या प्लांटवरून जार आणत असाल तर शुद्ध केलेल्या पाण्याचा अहवाल मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

गावपातळीवर फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत प्रसिद्ध आहे. पाण्यात ठरावीक मात्रेत तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. तिला वीज लागत नाही, पण मात्रा पाण्यानुसार बदलते आणि रोज ती सांभाळणारा माणूस लागतो. फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांच्या फिल्टरलाही ठरावीक काळाने पुनरुज्जीवन करावे लागते. कितीतरी गावांत अशी यंत्रे सुरुवातीचे काही महिने चालून बंद पडलेली दिसतात, आणि त्यात तंत्राचा दोष कमी असतो. माझे मत विचाराल तर पहिला पर्याय स्रोत बदलण्याचा ठेवावा: पिण्यापुरते धरणाचे किंवा तपासलेल्या उथळ विहिरीचे पाणी, छपरावरचे साठवलेले पावसाचे पाणी, आणि बोअर फक्त वापरासाठी. शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून पाणी मुरवण्याचे जे काम झाले, तसल्या पुनर्भरणाने भूजलात ताजे पाणी मिसळून फ्लोराइड सौम्य होऊ शकते. ते झाले की नाही हे पुढच्या तपासणीवरूनच म्हणता येईल.

तपासणी अवघड नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतो, जल जीवन मिशनखाली गावातल्या महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण दिले जाते, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत अचूक आकडा मिळतो. संचात रंग फिका पडण्यावरून अंदाज येतो. तो १ च्या जवळ दाखवत असेल तर प्रयोगशाळेत पाठवावे. हातपंप किंवा मोटर काही मिनिटे चालू द्यावी, एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी. फ्लोराइडसाठी काचेची बाटली टाळावी, कारण ते काचेशी क्रिया करते. बाटलीवर गाव, स्रोताचा प्रकार, खोली आणि तारीख लिहावी. एक नमुना मे महिन्यात, विहिरी तळाला गेल्यावर, आणि दुसरा पावसाळ्यानंतर घ्यावा, कारण एकाच विहिरीचा आकडा दोन्ही वेळी वेगळा येऊ शकतो. बोअर खोल केला, नवा घेतला किंवा योजनेची विहीर बदलली, तर जुना अहवाल त्या पाण्याचा राहत नाही, आणि घरात आठ वर्षांखालचे मूल असेल तर नव्या पाण्याचा अहवाल ते पाणी माठात भरण्यापूर्वी हाती असला पाहिजे.